वैद्याचा वेश आणि रुग्णाचा विश्वास

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण मराठवाड्यात आजही सहज तोंडी येते. तिच्यात थोडा उपहास आहे आणि थोडी कबुलीही आहे. माणसापेक्षा कपड्याला मान मिळतो हे आपल्याला आवडत नाही. पण तसे घडते, हे आपण रोज पाहतो. शाळेत, कचेरीत, तहसीलच्या पायरीवर याचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. तेथे फार तर एखाद्याचा खोळंबा होतो किंवा अपमान होतो. रुग्णालयात मात्र ही गोष्ट अधिक गंभीर होते. तेथे माणूस आपला देह एका अपरिचिताच्या हवाली करीत असतो आणि तो अपरिचित कोण, हे ठरविण्यासाठी पहिल्या क्षणी त्याच्यापाशी त्या अपरिचिताच्या अंगावरील कपड्यावाचून दुसरा पुरावा नसतो. तेव्हा आरोग्यसेवेतील माणसांनी काय ल्यावे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही.

मुखेडच्या उपजिल्हा रुग्णालयाचाच विचार करावा. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब या बाजूंच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून माणसे तालुक्याच्या गावी दवाखान्याला येतात. कर्नाटक आणि तेलंगणाची सीमा जवळ असल्याने मराठीबरोबर कानडी, तेलुगू, दखनी आणि गोरमाटी या भाषाही या परिसरात कानी पडतात. केसपेपर काढल्यावर कोणत्या दाराशी उभे राहावे, हे भिंतीवरच्या पाट्या सांगतात. पण पाटी वाचता येणे हे अजूनही प्रत्येकाच्या वाट्याला आलेले नाही. अशा वेळी माणूस पाटीऐवजी वेश वाचतो. पांढरा ॲप्रन म्हणजे डॉक्टर, गळ्यात नळी म्हणजे मोठा डॉक्टर, आणि बाई दिसली की सिस्टर! प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधनिर्माता, शिकाऊ डॉक्टर आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यातला फरक त्याला उमगत नाही. तो उमगावा अशी सोयही आपण केलेली नसते. छातीवरचे ओळखपत्र बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि अनेकदा उलटे लोंबकळत असते.

पांढऱ्या वेशाला एवढी प्रतिष्ठा आली कोठून? आपल्याकडे तिचे मूळ पुष्कळ जुने आहे. वैद्याने नखे व केस कापलेले असावेत, शुचिर्भूत असावे, शुभ्र वस्त्रे नेसावीत, हाती छत्री व काठी आणि पायी पादत्राण असावे, आणि त्याचा वेश उद्धट नसावा, असा उपदेश सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. युरोपात उलट, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डॉक्टर काळा कोट घालूनच शस्त्रक्रिया करीत. अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स याची दोन चित्रे या बदलाची साक्ष देतात. १८७५ च्या चित्रात शल्यविशारद व त्याचे साहाय्यक काळ्या कोटात आहेत; १८८९ च्या चित्रात तेच काम पांढऱ्या वेशात चालले आहे. मधल्या काळात लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीचा प्रसार झाला होता आणि मळ दिसावा व तो धुतला जावा यासाठी पांढरा रंग उपयोगी पडू लागला होता. म्हणजे हा वेश आला तो स्वच्छतेची खूण म्हणून. अधिकाराची खूण तो मागाहून झाला.

ही खूण अजूनही प्रभावी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील दहा शैक्षणिक रुग्णालयांतील चार हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टरचा पोशाख आपल्याला महत्त्वाचा वाटतो, असे निम्म्याहून अधिक रुग्णांनी सांगितले. नीटनेटक्या पोशाखावर पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरला त्यांनी सर्वांत अधिक पसंती दिली. २०२१ मध्ये त्याच देशात झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एकसारखाच वेश केलेल्या पुरुषाला लोक डॉक्टर समजतात. स्त्रीला मात्र परिचारिका किंवा तंत्रज्ञ समजण्याकडे त्यांचा कल अधिक असतो. हे वाचून आपल्याकडील स्त्री डॉक्टरांना आश्चर्य वाटणार नाही. तपासून, निदान करून, औषध लिहून दिल्यावरही ‘पण सिस्टर, डॉक्टर कधी येणार?’ हा प्रश्न त्यांना ऐकावा लागतो. परिचारिका असण्यात उणेपणा काहीच नाही. रुग्णालयाचा मोठा भार तिच्याच खांद्यावर असतो. परंतु आपल्याला कोणी तपासले हेच जर रुग्णाला कळले नाही, तर आपल्याला डॉक्टर भेटलाच नाही असे समजून तो घरी परततो आणि दिलेले औषध घेत नाही. गैरसमजाची किंमत अखेर त्यालाच मोजावी लागते.

पण जो पांढरा रंग एका ठिकाणी विश्वास निर्माण करतो, तोच दुसऱ्या ठिकाणी धास्ती निर्माण करतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. रुग्णालयात का येत नाही, असे त्यांनी तेथील आदिवासींना विचारले, तेव्हा मिळालेली उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत आम्ही बावरतो, आप्तांना जवळ राहू देत नाहीत, तेथे आमचा देव नाही. आणि डॉक्टर व नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढरे वस्त्र आम्ही प्रेतावर घालतो. ते नेसलेली माणसे आम्हाला कशी वाचविणार? या आशयाची ती उत्तरे होती. बंग दांपत्याने त्यांना अडाणी ठरविले नाही. रुग्णालय आदिवासींच्या घरांसारखे बांधले, आप्तांच्या राहण्याची सोय केली आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. याच संस्थेने अल्पशिक्षित गावकरी स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले आणि त्यामुळे नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांच्या अंगावर पदवीचा ॲप्रन नव्हता. त्या गावच्या होत्या आणि शिकविलेले काम चोख करीत होत्या.

गडचिरोलीतच हेमलकसा येथे १९७३ पासून चाललेले लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सर्वांना ठाऊक आहे. परिसरातील माडिया लोकांच्या अंगावर पुरते वस्त्र नाही हे पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी आखूड विजार आणि बंडी एवढाच वेश पत्करला. त्या वेशात त्यांनी हजारो रुग्ण तपासले आणि २००८ मध्ये डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वेशाने त्यांचे वैद्यक उणे झाले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

त्याहीपूर्वीचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १० ऑक्टोबर १८८५ या दिवशी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात काढलेले एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी बसलेल्या आहेत: साडीतील आनंदीबाई, जपानी किमोनोतील केई ओकामी आणि सीरियातील पारंपरिक पोशाखातील साबात इस्लामबुली. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, आनंदीबाईंनी वैद्यकाची पदवी मिळविली. परदेशी जाऊनही स्वदेशी रीत आणि वेश सोडणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वीच ठरविले होते. ज्या काळी स्त्रीने डॉक्टर होणे हेच अघटित होते, त्या काळी साडीतील डॉक्टर ही कल्पना किती लोकांना पेलली असेल? परंतु विद्येने ती सिद्ध करून दाखविली.

मग वेशाचा विचारच सोडून द्यावा काय? या उदाहरणांवरून असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. हेमलकशाच्या बंडीवर विश्वास बसला तो एका जागी दीर्घकाळ राहून केलेल्या सेवेमुळे. तालुक्याच्या रुग्णालयात बदलीवर आलेला वैद्यकीय अधिकारी, बंधपत्राची मुदत पुरी करणारा तरुण डॉक्टर, कंत्राटी परिचारिका यांना तेवढा काळ मिळत नाही. रुग्ण त्यांना आज पहिल्यांदा पाहतो आणि कदाचित पुन्हा कधी पाहणारही नाही. अपरिचितांच्या व्यवहारात खूण लागतेच. प्रश्न एवढाच की, ती खूण काय सांगते?

आज ती पुरेसे खरे सांगत नाही, ही खरी अडचण आहे. पांढरा ॲप्रन बाजारात कोणालाही विकत मिळतो. स्टेथोस्कोप मिळविण्यासही पदवी लागत नाही. ग्रामीण भागातील बोगस डॉक्टरांचे भांडवल हेच असते: एक खुर्ची, एक पडदा, एक ॲप्रन आणि सलाईनची बाटली. नोंदणीवाचून वैद्यकी करण्यास महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही अशा व्यक्तींवर कारवाई झाल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये डॉक्टरची नोंदणी मोबाईलवर पडताळून पाहता येईल अशी क्यूआर संकेताची योजना आणली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ज्याच्या हाती तसा मोबाईल नाही, तो अजूनही कपड्यावरच विसंबणार. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ हे त्याला ठाऊक असते. परंतु रात्री लेकरू तापाने फणफणले असता म्हणीने निर्णय होत नाही.

उलट, खरा विश्वास कशाने येतो याचे उदाहरण मुखेडातच आहे. सर्पदंश म्हणजे मांत्रिक, ही सवय आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशावरील उपचारांचा आपला दहा वर्षांचा अनुभव २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’ या नियतकालिकात मांडला. तालुक्याच्या गावचा डॉक्टर आपल्या कामाची नोंद ठेवतो, ती देशापुढे तपासणीसाठी ठेवतो, ही व्यावसायिकता होय. मांत्रिकाचाही वेश असतोच आणि तोही भारून टाकणारा असतो. दोघांतला भेद वेशात नसतो. प्रतिविष वेळेवर देण्यात आणि आपल्या कामाचा हिशेब देण्यात असतो.

आता स्वच्छतेचा विचार करू, कारण पांढऱ्या वेशाचे मूळ प्रयोजन तेच होते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये ठरविलेल्या धोरणानुसार तेथील रुग्णालयांत २००८ पासून कोपराखाली हात उघडे ठेवणे आवश्यक झाले. लांब बाह्या, मनगटी घड्याळे आणि डॉक्टरांचे पांढरे कोट रुग्णतपासणीच्या वेळी वर्ज्य ठरले. हात नीट धुता यावेत हा त्यामागील हेतू. अमेरिकेतील एका रुग्णालयात १४९ डॉक्टरांच्या व विद्यार्थ्यांच्या कोटांची तपासणी केली असता जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या कोटांवर जखमा चिघळविणारे जंतू आढळले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील डॉक्टरांनी व विद्यार्थ्यांनी पांढरा कोट सोडावा, अशी सूचना २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून मंगळूरच्या एका डॉक्टरांनी केली होती. आपल्याकडे ती वाऱ्यावर गेली. वॉर्डात घातलेला ॲप्रन तसाच चहाच्या टपरीवर, मोटारसायकलवर आणि बसमध्ये मिरविणारे विद्यार्थी कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी आजही दिसतात. ज्या वस्त्राने रोग अडवायचा, तेच त्याचे वाहन होते आणि समोरचा त्याला नमस्कार करतो!

सरकारचे लक्ष या गोष्टीकडे जात नाही असे नाही. पण ते जाते ते भलत्याच वाटेने. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी वेशसंहिता काढली आणि जीन्स, टी-शर्ट, चपला यांना मनाई केली. जीन्सवरील मनाई पुढे शिथिल करावी लागली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. हरियाणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी नियम केले. त्यांत जीन्सपासून केशरचना व प्रसाधनापर्यंत बारकाईने विचार होता. लांब नखांना मनाई रास्तच आहे, सुश्रुतानेही ती केली होती. पण अशा आज्ञांचा एकंदर सूर हजेरी घेणाऱ्या मास्तरांचा असतो. काय घालू नये याची यादी मोठी; घातलेले कोठे बदलावे, कोणी धुवावे, पाण्याचे काय, यांविषयी मौन. कारकुनाने आणि शिक्षकाने हा अनुभव घेतलेला आहे. छपराला गळती आहे, फळ्याला खडू नाही, आणि साहेबांची नजर सदऱ्यावर!

रुग्णालयात तर या मौनाचे परिणाम अधिक वाईट असतात. सर्वांत अधिक घाण ज्यांच्या हातून जाते, त्या सफाई कामगारांचा आणि कक्षसेवकांचा विचार वेशाच्या चर्चेत सर्वांत शेवटी होतो. हातमोजे, बूट, दररोज धुतलेला गणवेश यांची खरी निकड त्यांना आहे. डॉक्टरला ‘साहेब’, परिचारिकेला ‘सिस्टर’, आणि झाडणाऱ्या बाईला अरे-तुरे, ही उतरंड कपड्यावरूनच सुरू होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्या पाठोपाठ एका लोकप्रतिनिधीने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावले. लोकांचा क्षोभ समजण्यासारखा होता. परंतु एका मोठ्या पदावरच्या माणसाच्या हाती झाडू देऊन ना औषधे येतात, ना मनुष्यबळ. शिवाय त्या प्रसंगात एक समजूत दडलेली होती: सफाई हे काम शिक्षेचे आहे. ही समजूत जोवर आहे, तोवर रुग्णालये स्वच्छ होणार नाहीत आणि तेथील कोणाचाच वेश खरा शुभ्र राहणार नाही.

करोनाच्या साथीने या बाबतीत एक धडा दिला होता. २०२० मध्ये डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार एकाच प्रकारच्या संरक्षक पोशाखात वावरू लागले. चेहरा दिसेना, पद कळेना. अनेक ठिकाणी त्यांनी पोशाखावर छातीशी आपले नाव ठळक अक्षरांत लिहिले. रुग्णाला तेवढाच आधार वाटला. त्याच दिवसांत याच माणसांना काही वस्त्यांत घराबाहेर काढण्याचे, त्यांच्यावर हात टाकण्याचे प्रकार घडले आणि केंद्राला एप्रिल २०२० मध्ये साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली. वेश तोच, एकाला त्यात देव दिसला, दुसऱ्याला रोग दिसला. नाव लिहिलेला माणूस मात्र दोघांनाही माणूस म्हणून दिसण्याची शक्यता होती.

यातून करावयाचे काय, हे फारसे अवघड नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याच्या छातीवर नाव आणि पद मराठीत, चार हात अंतरावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक संवर्गाचा रंग निश्चित करावा, तो सर्व जिल्ह्यांत एकच ठेवावा, आणि तपासणीपूर्वी ‘मी डॉक्टर अमुक, मी तुम्हाला तपासणार आहे’ एवढे वाक्य बोलण्याची सवय लावावी. या एका वाक्याला खर्च येत नाही. दुसरी गोष्ट, बाह्या आखूड असाव्यात, कापड रोज धुता येईल असे असावे आणि ते रुग्णालयातच बदलले व धुतले जावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ॲप्रन ही तशीही एक शिक्षाच आहे. तिसरी गोष्ट, गणवेश आणि त्याची धुलाई ही संस्थेची जबाबदारी मानावी. कायम, कंत्राटी आणि मानधनावरील, अशा साऱ्यांना ती सारखीच लागू व्हावी.

यावर आक्षेप येईल तो पैशाचा. जेथे औषधांचा तुटवडा आहे, तेथे कपड्यांवर खर्च कशाला, असे विचारले जाईल. आक्षेप वजनदार आहे. औषध आणि गणवेश यांत निवड करावयाची झाली तर औषधच निवडावे, यात शंका नाही. परंतु धुतलेले कापड, साबण, पाणी आणि वाचता येण्याजोगे नाव ही चैन नाही. रुग्णालयातून रुग्णाने नवा आजार घरी नेऊ नये, यासाठीची ती किमान तयारी आहे. आणि त्या आजाराच्या औषधाचा खर्च शेवटी त्याच तिजोरीवर किंवा त्याच गरिबाच्या खिशावर पडत असतो. दुसरा आक्षेप, रंगांमुळे उतरंड पक्की होईल हा. त्याची भीती रास्त आहे. म्हणूनच रंग कामाचा असावा, प्रतिष्ठेचा नसावा. कापडाचा दर्जा आणि धुलाई सर्वांची एकच असावी.

सुश्रुताच्या उपदेशातील दोन गोष्टी आजही पुरेशा आहेत. वैद्याचा वेश स्वच्छ असावा आणि तो उद्धट नसावा. पहिलीकडे आपण दुर्लक्ष केले आणि दुसरी आपण विसरलो. मधला पांढरा रंग तेवढा धरून ठेवला. मुखेडच्या रुग्णालयात रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला समोरच्या माणसाच्या कपड्याने दबवून टाकण्याचे कारण नाही. हा कोण आहे, याचे हात स्वच्छ आहेत काय आणि याला आपले दुखणे सांगता येईल काय, एवढेच त्याला कळले पाहिजे. तेवढे सांगणारा वेश देणे शासनाला अशक्य नाही. आणि तो मागणे, हा नागरिकांचा हक्क आहे.